अतिभार

वर्षाचे गहू घ्यायला वाशीच्या दाणा बाजारात गेले की माझी नजर आधी माथाडींच्या मानेकडे जाते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यात एक अतिभारारोपण, म्हणजे ताकदीबाहेर ओझं लादणं. पाठशाळेत उदाहरण बैलाचं देतात, हमालाचं कुणी देत नाही! अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत मिळू लागला. पण पाठीचं काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस पुरुषाला जास्तीत जास्त ५५ किलोची. मी तीस-तीस किलोची पोती मागते. दुकानदार म्हणतो, “काकी, हमाली दुप्पट पडेल.” पडू दे, बी.कॉम. आहे मी, हिशेब कळतो. लिफ्ट बंद असली तर पोतं खालीच ठेवून घेते आणि आम्ही डब्याडब्याने वर नेतो.