परसातलं मुंगूस

आज सकाळी परसात कढीपत्त्याच्या बुंध्याशी मुंगूस दिसलं. करड्या केसांवर बारीक पांढुरके ठिपके, लालसर डोळे. मागच्या पायांवर उभं राहून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कुंपणाच्या फटीतून निसटलं. शेजारचे काका म्हणाले, पिंजरा लावा. मला ते मुळीच पटलं नाही. आमच्या नांदेड-लातूरकडे मुंगूस आडवं जाणं शुभ मानतात. तरी रंगकामाच्या ब्रशांसाठी, नुसत्या केसांपायी, देशभर त्याची शिकार होत आली. किती वाईट! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, मारणं गुन्हा आहे. उंदीर, साप खाणारा हा शेजारी राहू द्यावा. कोंबड्या असतील तर खुराड्याला बारीक जाळी बसवा. जखमी दिसलं तर हात न लावता वनविभागाला १९२६ वर कळवा.