हातात ‘माझा प्रवास’, पायाखाली झाशी

आमच्या इंदूरच्या वाचनकट्ट्यावर मला ‘खऱ्या गोष्टीवाल्या काकू’ म्हणतात. बाकीच्या मैत्रिणी कादंबऱ्या नेतात, दिवाळी अंकांतल्या कथा वाचतात. माझा हात मात्र आत्मचरित्रं, आठवणी, प्रवासवर्णनं आणि जुन्या खटल्यांच्या हकिकती यांच्याकडेच जातो. कल्पित वाङ्मयाशी माझं काही वैर नाही. पण ‘हे खरंच घडलं होतं’ एवढं कळलं की मी ताठ बसून वाचते. आणि घडलं ते गाव जवळपास असेल, तर पुस्तक पिशवीत टाकून जाऊन येते.

आपल्या बृहन्महाराष्ट्रातल्या गावांत अशा खऱ्या गोष्टींना तोटा नाही. वडोदऱ्याचं पाहा. १८७४ साली तिथल्या इंग्रज रेसिडेंटाच्या सरबतात विष घातल्याचा आळ मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशी मंडळात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. त्यांचं एकमत झालं नाही, तरी १८७५ मध्ये महाराजांना गादीवरून दूर केलं गेलं. आमच्या इंदूरची गोष्टही अशीच गाजलेली. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. प्रकरणाचे धागे होळकरांच्या दरबारापर्यंत आले आणि पुढच्या वर्षी तुकोजीराव महाराजांना गादी सोडावी लागली.

असे खटले वाचून वाचून मला एक सवय लागली. साक्षीदार उभा राहिला की मनात पहिला प्रश्न येतो : बाबा रे, हे तू डोळ्यांनी पाहिलंस, की कुणाकडून ऐकलंस? पुढे आठवणींची पुस्तकंही मी याच प्रश्नाने वाचू लागले. या कसोटीला लावून पाहावं असं आपल्या भाषेतलं सर्वांत मोलाचं पुस्तक मला वाटतं ते विष्णुभट गोडसे वरसईकरांचं ‘माझा प्रवास’. गेल्या हिवाळ्यात ते घेऊन मी झाशीला गेले, त्याची ही हकिकत.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विष्णुभट पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. तेव्हा वय तिशीच्या आसपास, घरात कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरपूर दानधर्म होणार, अशी बातमी कोकणात पोचली. दक्षिणेच्या आशेने विष्णुभट आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल होतं १८५७! निघाले होते कर्ज फेडायला आणि सापडले बंडाच्या ऐन धुमाळीत. ग्वाल्हेर पाहिलं, झाशीत राहिले, झाशीचा वेढा आणि पाडाव शहराच्या आत राहून भोगला, अनेकदा लुटले गेले. जवळजवळ तीन वर्षांनी घरी परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन.

हे सगळं त्यांनी लिहिलं १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. सरकारची धास्ती होतीच, त्यामुळे छापून आलं ते १९०७ साली, विष्णुभटांच्या पश्चात. वैद्यांनी त्यात बरीच काटछाट आणि सफाई केली होती. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. घेणार असाल तर ही मूळ प्रत घ्या. भाषा जुनी आहे, पहिली वीस पानं अडखळायला होतं. मग मात्र कोणी आजोबा ओसरीवर बसून सांगताहेत असं वाटू लागतं.

इंदूरहून मी माळवा एक्स्प्रेस धरली. ही गाडी सुटते महूहून. त्याच महूच्या वाटेवर विष्णुभटांना शिपाई भेटले होते आणि लवकरच मोठा दंगा उसळणार, मागे फिरा, असं त्यांनी बजावलं होतं. काका-पुतण्यांनी विचार केला, घरचं कर्ज आठवलं आणि पुढची वाट धरली. जी वाट त्यांनी पायी, बैरागी-यात्रेकरूंच्या सोबतीने, चोरांना चुकवत तुडवली, ती मी घरच्या पुऱ्या आणि लोणचं खात एका दिवसात संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाल्हेरहून माझी भाची आली. कॉलेजात शिकते, मराठी बोलते झकास, वाचते मात्र हिंदीत. तिच्यासाठी मी अमृतलाल नागरांनी केलेला या पुस्तकाचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ आणला होता.

आधी किल्ला पाहिला. ओरछ्याच्या बीरसिंह देवांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला आणि पुढे मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी वाढवलेला. दारातच ‘कडक बिजली’ तोफ आहे. वर महादेवाचं देऊळ आहे आणि राणीच्या बाजूने लढताना पडलेल्या गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. तटावरून सगळं शहर दिसतं. गाइडने आम्हाला एका जागी उभं केलं आणि सांगितलं की राणीसाहेबांनी पाठीशी दत्तक मुलाला बांधून इथूनच घोड्यावरून उडी घेतली. खाली पाहिलं तर डोळे फिरतात.

भाचीने हळूच विचारलं, “मावशी, तुझ्या विष्णुभटांनी ही उडी पाहिली होती का गं?”

“नाही. ४ एप्रिल १८५८ च्या त्या रात्री ते खाली शहरात जीव मुठीत धरून बसले होते.”

“मग राणी कशी निसटली ते त्यांना काय माहीत?”

“लोकांकडून कळलं तेवढंच.”

“म्हणजे तेही ऐकीवच! मग तू त्यांच्यावर एवढा विश्वास का ठेवतेस?”

प्रश्न रास्त होता. मी तिला तटाच्या सावलीत बसवलं आणि पुस्तक उघडलं. म्हटलं, वकिलासारखी वाच. बंड का झालं याची जी कहाणी विष्णुभट सांगतात, म्हणजे कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा भरली, साहेबाने धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं वाचून दाखवली, ती त्यांना शिपायांनी सांगितलेली. तिला इतिहास म्हणून घेऊ नकोस. पण लोक तेव्हा कशावर विश्वास ठेवत होते, याचा पुरावा म्हणून ती पक्की आहे. आता वेढ्याची पानं बघ. मार्चच्या अखेरीस सर ह्यू रोजच्या तोफा शहरावर सुरू झाल्या. रात्री तापलेले लाल गोळे आकाशातून येताना दिसत आणि ज्याला त्याला वाटे की हा आपल्याच डोक्यावर पडणार. ही काही ऐकीव गोष्ट वाटत नाही. असं लिहायला मान वर करून त्या आकाशाकडे पाहावं लागतं.

३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. पुढच्या दिवसांतली कत्तल आणि लूट विष्णुभटांनी घरात लपून पाहिली. आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. सेनापतीच्या अहवालात शहर ‘हस्तगत’ होतं. इथे ते घराघरातून, फडताळाफडताळातून जाताना दिसतं. भिक्षुकाच्या नजरेला कुणाच्या घरात काय होतं ते बरोबर ठाऊक असतं!

किल्ल्यावरून आम्ही राणी महालात आलो. संस्थान खालसा झाल्यावर किल्ला सोडून राणी इथे राहायला आली. भिंतींवर आणि छतावर रंगीत वेलबुट्टी अजून टिकून आहे. आत पुरातत्त्व खात्याचं मूर्तींचं संग्रहालय आहे. चौकात बसून मी भाचीला राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची हकिकत सांगितली. झाशीकरांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली ती पुस्तकं या लुटीत नष्ट झाली. विष्णुभटांनी माणसं मेलेली पाहिली, स्वतःची कमाई गमावली, तरी या ग्रंथांची हळहळ त्यांनी आवर्जून नोंदवली आहे. पुस्तकांवर जीव असलेल्या माझ्यासारखीला तिथून उठवेना. एवढा संग्रह गेला आणि त्याची आठवण उरली ती एका गरीब भटजीने पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेल्या चोपडीत. तीही त्यांनी लिहिली नसती तर?

दुपारनंतर शहरातल्या जुन्या गणेश मंदिरात गेलो. १८४२ मध्ये गंगाधररावांशी राणीचं लग्न लागलं ते इथे. झाशीतल्या मराठी मंडळींचं हे हक्काचं ठिकाण आहे. आमचं मराठी ऐकून एक आजी जवळ सरकल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नऊवारी नेटकं, बोलणं मराठी पण हेल बुंदेलखंडी. ‘कुणाच्या गं तुम्ही?’ पासून सुरुवात झाली आणि मी पिशवीतलं पुस्तक दाखवल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या जुन्या घराच्या परसात विहीर होती. पाणी गोड, पण देवाला कधी वाहिलं नाही. सासूबाई म्हणायच्या, गदरात त्यात माणसं पडली होती.”

माझ्या अंगावर काटा आला. शिपाई दाराशी आले तेव्हा जिवाच्या भीतीने लोकांनी विहिरी जवळ केल्या, हे विष्णुभटांनी लिहिलं आहे. आजींनी ते पुस्तक कधी पाहिलेलंही नव्हतं.

“आजी, तुमच्या सासूबाईंना हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“त्यांच्या सासूबाईंनी असणार. आम्ही काय विचारतोय! पाणी नाही वाहायचं म्हटलं, नाही वाहिलं.”

“घरात आता कुणाला माहीत आहे हे?”

“विहीर बुजवली, घर विकलं. नातवंडं पुण्या-दिल्लीला. कोणाला सांगू?”

भाचीने तेवढ्यात मोबाइल काढून, ‘आजी, पुन्हा एकदा सांगाल?’ म्हणत त्यांचं बोलणं टिपून घेतलं. आजी आधी लाजल्या, मग पदर सारखा करून नीट बसल्या आणि चांगलं अर्धा तास बोलल्या.

संध्याकाळी लक्ष्मी तलावाकाठी, महालक्ष्मीच्या देवळाजवळ गंगाधररावांची छत्री पाहिली आणि पायरीवर टेकलो. तिथे मी भाचीला काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग वाचून दाखवला. झाशी सोडल्यावर एका विहिरीपाशी विष्णुभटांची राणीशी गाठ पडते. धुळीने माखलेली, थकलेली, तहानलेली राणी. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. चौकाचौकात आपण तिला उगारलेल्या तलवारीसह पाहतो. ही ओंजळ कुठल्याच पुतळ्यात नाही. पाठोपाठ दोन महिन्यांच्या आत, जून १८५८ मध्ये, ती ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली.

भाची बराच वेळ तलावाकडे पाहत होती. मग म्हणाली, “मावशी, फूलबागेतल्या समाधीवरून मी रोज कॉलेजला जाते. आता वेगळं वाटेल.” रात्री स्टेशनवर निरोप घेताना तिने माझं मराठी पुस्तकच मागून घेतलं. हिंदी प्रत मी परत आणली.

खऱ्या गोष्टींच्या पुस्तकांचं वेड मला का आहे, ते झाशीत नीट समजलं. अशी पुस्तकं लिहायला मोठं माणूस असावं लागत नाही. विष्णुभट ना सरदार होते ना पंडित म्हणून गाजलेले. जे पाहिलं, जे कानावर आलं, ते त्यांनी लिहून ठेवलं, एवढंच. त्यांच्या तारखा इकडच्या तिकडे होतात, ऐकीव गोष्टीही येतात. पण त्यांनी आपलं सांगणं कागदावर ठेवलं म्हणून आज आपण ते तपासू शकतो. जे लिहिलंच नाही त्याचं खरं-खोटं कोण ठरवणार?

आपण मंडळी इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद अशी पिढ्यान्‌पिढ्या दूर रुजलेली. आपल्या घरांत अशा बुजवलेल्या विहिरी पुष्कळ आहेत. तेव्हा एक वही करा. आत्याबाई, काकासाहेब, शेजारच्या आजी बोलत्या झाल्या की टिपून घ्या. वर तारीख घाला, सांगणाऱ्याचं नाव घाला आणि समासात एकच शब्द लिहा : ‘पाहिलेलं’ किंवा ‘ऐकलेलं’. शोभिवंत भाषेची गरज नाही.

माझ्या वहीत पहिली नोंद झाली आहे. झाशी, परसातली विहीर, देवाला पाणी नाही. समासात ‘ऐकलेलं’ असं लिहिलं आहे.