पहिली वाटी

गेल्या वैशाखात थोरल्या भावाचा नातू पुण्याहून गावी आला तो एक खोकं घेऊन. ओसरीवर बैठक मारून त्यानं ते उघडलं. आतून तांब्याचं एक लहानसं भांडं निघालं. त्यावर घुमटासारखं झाकण आणि झाकणातून निघालेली, वेटोळी घातलेली नळी. मग आकडे लिहिलेली काचेची कांडी, थर्मामीटर, यीस्टची पाकिटं. सगळं ऑनलाइन मागवलेलं.

"आजोबा, हा माझा नवा छंद," तो म्हणाला. "दोनदा द्राक्षाची वाईन करून बघितली. आता पुढची पायरी. आपल्या घरात तर ही विद्या होतीच म्हणे. आत्याआजी गाळायची ना?"

ओसरीवरचं बोलणं बंद पडलं. वहिनी उठून आत गेल्या. थोरल्या भावानं पानाला चुना लावता लावता माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

आमच्या घरात आत्याची आठवण निघते. तिच्या आंबिलीची निघते, तिच्या तोंडच्या ओव्यांची निघते. भट्टीची निघत नाही. आणि ती सगळ्यात जास्त दाबून ठेवली असेल तर मी. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ती परवडत नव्हती.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी दिलेली. आता त्या शिवारावर उजनीचं पाणी आहे. पण 1972 च्या दुष्काळात त्याच शिवारात जनावराला पाजायला पाणी नव्हतं. त्याच साली तिचा नवरा गेला. दिरांनी घरात ठेवली नाही. आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी घेऊन ती माहेरी, बारामतीकडं आली. सामानात एक वाकळ आणि एक पितळी तांब्या.

बाहेरच्याला वाटतं बारामती म्हणजे सगळा ऊसच ऊस. तसं नाही. इंग्रजांनी 1885 साली नीरेचा डावा कालवा आणला तो तालुक्याच्या एका अंगानं गेला. कालव्याखाली बागाईत आणि वरच्या अंगाला कुसळं. आमचं गाव बरोबर शिवेवर. आमच्या वाट्याला दीड एकर, तेही टेलचं. पाणी पोचेल तेव्हा खरं. वडिलांनी बहिणीला जागा दिली, पण पाच तोंडांच्या घरात आणखी तीन भरली.

पहिल्या वर्षी आत्या पाझर तलावाच्या कामावर गेली. खडी फोडली, माती वाहिली, सुकडी खाल्ली. पाऊस पडला, कामं बंद झाली. मग ती गुऱ्हाळावर लागली. चुलवाणात चिपाड सारायचं, काहिलीवर भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी झाऱ्यानं काढायची. आणि तिथंच तिला कळलं की जो गूळ घट्ट बसत नाही, पाघळतो, त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. पण ओढ्याकडंच्या एका म्हातारीला तो किती दिला तरी कमीच पडतो.

त्या म्हातारीनं आत्याला शिकवलं.

ओढ्याच्या अंगाला वेड्या बाभळीचं रान होतं. त्यात तीन दगडांवर एक ड्रम. ड्रमवर थंड पाण्यानं भरलेली जर्मनची पातेली. वाफ वर जाऊन पातेलीच्या बुडाला लागायची, गार होऊन थेंब थेंब खाली टपकायची. ते थेंब झेलायला आत लाकडी चाटूसारखी पन्हळ अडकवलेली आणि तिला जोडलेली नळी बाहेर. पातेलीतलं पाणी कोमट झालं की बदलायचं. ही झाली भट्टी. नातवाच्या तांब्याच्या भांड्यात आणि त्यात तत्त्वाचा काही फरक नाही. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. म्हणून आधी उठणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त. एवढंच.

पण भट्टी हे सोपं काम. अवघड काम त्याआधीचं. गुळाचं पाणी नासवायचं, पण कुजवायचं नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात त्याला 'कच्चं रसायन' म्हणतात. आत्या त्याला 'बाळंत व्हायचंय' म्हणायची. रांजण भरून तोंडाला फडकं बांधायची. थंडीत तो उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरायची. उन्हाळ्यात उलट, बाभळीच्या सावलीत ओल्या पोत्यानं गुंडाळायची. मी विचारलं तर म्हणाली, "आरं, ते जित्तं असतंय. थंडीनं गारठतंय, उन्हानं मरतंय. तुझ्यावाणीच हाय." रोज सांजच्याला ती रांजणाला कान लावायची. आत बुडबुड चालली असली की म्हणायची, "बोलतंय." आवाज थांबला, फेस बसला, जिभेवरची गोडी गेली की म्हणायची, "आता गप झालं," आणि त्याच रात्री भट्टी लावायची. एक दिवस उशीर झाला तर आंबटाण वाढणार, हे तिला ठाऊक होतं.

हे मी नातवाला सांगितलं तेव्हा त्यानं काचेची कांडी उचलली. "हे हायड्रोमीटर तेच मोजतं, आजोबा. साखर जास्त तर कांडी वर तरंगते. यीस्टनं साखर खाल्ली की खाली बुडते." म्हणजे जे त्याची कांडी सांगते ते आत्याचा कान सांगायचा. नवसागराचंही त्यानंच उलगडून सांगितलं. लोकांना वाटतं नवसागरानं दारूला जोर येतो. खरं म्हणजे तो अमोनियाचा क्षार, त्यातून यीस्टला नत्र मिळतं. पिकाला युरिया घालावा तसं. आत्या तो चिमटीनं घालायची. पुढं पुढं लोक मुठीनं घालायला लागले, बॅटरीतला माल, युरिया, काय काय टाकायला लागले. आत्यानं ते कधी केलं नाही. आणि औषधाचा ड्रम फुकट मिळाला तरी ती घ्यायची नाही. त्यातल्या त्यात ती सचोटीनं वागायची.

तिचा आणखी एक नेम होता. नळीतून पडलेली पहिली वाटी ती कुणाला द्यायची नाही. 'पहिल्या धारेची' म्हणून लोक जीव टाकतात, पण त्या धारेच्याही आधीची वाटी ती चुलीत ओतायची. निळा भडका उठायचा. "पयली वाटी चुलीची," म्हणायची आणि हात जोडायची. मला तो नैवेद्य वाटायचा. नातू म्हणाला, "बरोबर केलं तिनं. सुरुवातीचा भाग टाकूनच देतात, त्यात उग्र, त्रासदायक द्रव्यं जास्त असतात."

"आणि विषारी दारू होते ती यामुळंच ना?" वहिनींनी आतून विचारलं. म्हणजे त्या ऐकत होत्या.

नाही, तेवढ्यामुळं नाही. हे नीट सांगायला पाहिजे, कारण गावोगाव हा गैरसमज आहे. गुळाच्या दारूत मिथेनॉल नाममात्र होतं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कुणीतरी दारूत मिसळलं म्हणून. ते वासानं कळत नाही, चवीनं कळत नाही. पहिली वाटी टाकून ते निघून जात नाही, आणि निळ्या जाळावरून ओळखूही येत नाही. आधी डोळे जातात, मग माणूस. नैवेद्य दाखवला म्हणून दारू देवाची होत नाही.

आणि विष नसलं तरी काय?

आत्याची धार अठरा-एकोणीस वर्षं चालली. त्या धारेवर तिची मुलगी शिकली, नर्स झाली, सोलापूरला सरकारी दवाखान्यात लागली. त्याच धारेखाली तिचा मुलगा वाटी धरायला बसायचा. पातेलीतलं पाणी बदलायला, सरपण आणायला, कुणी आलं तर शीळ घालायला आत्याला तोच होता. चौदाव्या वर्षी त्यानं चव घेतली. विशीत तो गिऱ्हाइकांबरोबर बसायला लागला. आत्यानं मारलं, कोंडलं, पंढरपूरला नेऊन माळ घातली. माळ महिनाभर टिकली. लग्न केलं, बायको दोन वर्षांनी निघून गेली. एका रात्री आत्यानं पहारीनं स्वतःची भट्टी फोडली आणि रोजानं खुरपायला जायला लागली. पण तोवर पोरगं दुसरीकडं पिऊन येत होतं. 2003 च्या पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले. बहीण नर्स होती, तिनं उशाशी बसून सगळं केलं. तो एकोणचाळीसचा होता.

आत्या रडली नाही. तेराव्याला एवढंच बोलली, "एक हातानं दिलं, एक हातानं नेलं. हात माझंच."

आता माझं सांगतो.

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजात मी शिकलो. वडिलांची ऐपत नव्हती. दर सहा महिन्यांनी आत्या कमरेच्या पिशवीतून नोटा काढून माझ्या हातात द्यायची. नोटांना बाभळीच्या धुराचा वास यायचा. म्हणायची, "वास येतुय व्हय? वही-पुस्तकात ठेव, जाईल." माझी फी, खोलीचं भाडं, बी.एड. ते सगळं भट्टीचं होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय.

कारण पुढं काय झालं तर गावात परवान्याचं देशीचं दुकान आलं आणि बायका पेटून उठल्या. नियम असा की गावातल्या पंचवीस टक्के बाई-मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मी तेव्हा हेडमास्तर. पोरांची प्रभातफेरी मी काढली, मारुतीच्या पारावर भाषण मी केलं. त्या भरात म्हणालो, "दुकान तर घालवूच, पण ज्यांनी ओढ्याकाठी भट्ट्या लावून दोन पिढ्या नासवल्या, त्यांनाही गाव माफ करणार नाही!" टाळ्या पडल्या. आत्या पुढंच बसली होती, पदर डोक्यावर घेऊन. तिनंही टाळ्या वाजवल्या.

मतदानाच्या दिवशी ती पहिल्या दहात उभी. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आडवी केली बाबा. मास्तर सांगतुय तर करायलाच पायजे." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. तोच मला अजून बोचतो. दुकान गेलं. पुढं काही वर्षांनी आत्या गेली. मी तिच्यापाशी दोन शब्द बोलायचे ते राहूनच गेले.

नातू गप्प होता. मग म्हणाला, "पण आता जग बदललंय आजोबा. दौंडकडं रोटीला वाईनरी आहे, लोक तिकिटं काढून बघायला जातात. इथल्या कारखान्यांच्या मळीतून इथेनॉल होतं, तेच तुम्ही पेट्रोलमधून गाडीत घालता. सगळं तेच यीस्ट."

बरोबर आहे. यीस्ट तेच. माझ्या गाडीच्या टाकीत शंभरातले वीस भाग तेच. आसवनी प्रकल्पाच्या रस्त्यानं जाताना जो आंबूस वास येतो तो मला अजून आत्याच्या लुगड्याचा वाटतो. कारखान्याकडं परवाना आहे, आत्याकडं नव्हता. नातवाकडंही नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याचं कलम 65 आत्याला तोंडपाठ होतं, त्याखाली ती दोनदा दंड भरून आली होती. घरी दारू गाळणं आजही गुन्हाच आहे. त्यासाठीची भांडीकुंडी बाळगणंसुद्धा. छंद म्हटलं म्हणून कलम बदलत नाही. हे मी त्याला सांगितलं, मास्तर म्हणून.

आणि आजोबा म्हणून एवढंच सांगितलं, "तुला विद्या पाहिजे तर विद्या घे. तिचा हिशोबही बरोबर घे. आत्याला छंद नव्हता."

त्यानं भांडं परत खोक्यात ठेवलं. टाकून देणार, विकणार की पुण्याला जाऊन लावणार, ते मी विचारलं नाही.

आत्याचा एक लहान रांजण परसात पालथा पडलेला होता. संध्याकाळी त्यानंच तो धुऊन आणला. वहिनींनी त्यात ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून ठेवलं, आंबिलीसाठी. वर फडकं बांधलं. वैशाखातली रात्र, घरात ऊब भरपूर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो तर हा ओसरीवर गुडघ्यांवर बसून रांजणाला कान लावून होता. कांडी नाही, थर्मामीटर नाही.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "बोलतंय."

दुपारी ताक आणि लसूण घालून आंबील शिजली. वहिनींनी पहिली वाटी भरली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आत्याच्या फोटोपुढं ठेवली. घरातलं कुणीच काही बोललं नाही, पण उठूनही कुणी गेलं नाही.