कोपऱ्यातील आकाश

गेल्या पर्युषणात मुंबईस बहिणीकडे मुक्काम होता. एका सकाळी वाळकेश्वरच्या आदीश्वर देरासरात दर्शन घेऊन पायी निघालो तो पेडर रोडवर ‘कांचनजंगा’समोर थांबलो. या इमारतीवरून बसने शेकडो वेळा गेलो असेन. मान वर करून पाहिले ते मात्र सेवानिवृत्तीनंतरच.

चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही इमारत 1983 मध्ये पूर्ण झाली. तिची प्रत्येक बाजू 21 मीटर आणि उंची 84 मीटर, म्हणजे नेमकी चौपट. आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसास हे प्रमाण सुखावून जाते. सरळसोट उभा चौकोन, आणि त्याचे कोपरे मधूनमधून कोरून काढल्यासारखे. ती पोकळी म्हणजे दोन मजले उंचीच्या बागेच्या गच्च्या. आतील 32 सदनिका, तीन शयनकक्षांपासून सहा शयनकक्षांपर्यंतच्या, वरखाली एकमेकींत गुंफल्या आहेत. बाहेर दिसते ती त्या गुंफणीचीच खूण.

मी उभा असतानाच पश्चिमेकडून सर आली आणि या रचनेचे कारण डोळ्यांसमोर उभे राहिले. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेस, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर घराभोवती व्हरांड्याचा उपाय केला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उंच केला, कोपऱ्यात नेला, त्यात झाडे लावण्यास जागा ठेवली. कोपऱ्याखाली खांब नाही! सहा मीटरांहून अधिक पुढे आलेला भाग मधल्या काँक्रीटच्या गाभ्याच्या आधाराने तोलला आहे. हे गणित अभियंता शिरीष पटेल यांचे.

पोकळी सोडण्याचे हे धैर्य आपल्याला अपरिचित नसावे. पंधराव्या शतकात धरणाशाह या व्यापाऱ्याने राणकपूरचे चौमुख मंदिर बांधविले. शेकडो खांबांच्या त्या गर्दीत उघडे चौक ठेवले आहेत, म्हणून आत प्रकाश खेळतो. जागा वाया गेली, असे तेथे कोणास वाटत नाही.

कांचनजंगा धनिकांची आहे, हे खरेच. परंतु याच कोरियांनी नवी मुंबईत बेलापूर येथे साधी, बैठी घरेही रचली. सात-सात घरे एका लहान चौकाभोवती, प्रत्येक घर सुटे, म्हणजे कुटुंब वाढले की घरही वाढविता यावे. मला तर ती अधिक भावली.

बँकेत गृहकर्जाची प्रकरणे तपासताना मी स्वतः उघडा सज्जा ‘अनुत्पादक क्षेत्र’ मानीत असे. आता आमच्याच सोसायटीचा पुनर्विकास आहे. नव्या आराखड्यात सज्जा खोलीत मिळवून घेतला आहे. प्रत्येकास 60 चौरस फूट जास्त, म्हणून सभेत टाळ्याही पडल्या. सौ. तेवढी गप्प होत्या. गेली तीस वर्षे पहाटे त्यांचे सामायिक त्या सज्ज्यातच होते, तुळशीच्या कुंडीशेजारी.

मुंबईहून परतल्यावर आराखडा पुन्हा उघडला. पेन्सिलीने सज्जा मूळ जागी काढला, 60 फूट वजा केले आणि पत्रासह सचिवांकडे दिला. संमतिपत्रावरची माझी सही अद्याप बाकी आहे. शेजारचे मेहताभाई मात्र काल संध्याकाळी येऊन ती पेन्सिलीची रेघ बराच वेळ पाहत बसले होते.