चेंडू हिसकावण्याआधी

यंदा वार्षिक सुट्टीवर घरी पोहोचलो, तर चौदा वर्षांचा मुलगा 'मॅडन' खेळत बसलेला. अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम. बोलायला दुसरा विषय सापडेना, म्हणून मीही कंट्रोलर उचलला.

बचाव माझ्याकडे आला की मी दरवेळी ब्लिट्झ करायचो. सहा-सात गडी थेट क्वार्टरबॅकवर. मागे मैदान मोकळं. मुलगा डोक्यावरून पास टाकायचा, टचडाउन!

"बाबा, तू फार घाई करतोस. समोरच्याला चूक करू दे."

मग त्याने शिकवलं. आधी दोन सेफ्टी मागे उभे दाखवायचे, कव्हर टू वाटेल असे. स्नॅप होताच तिघांनी खोल जायचं, कव्हर थ्री. एक लाइनबॅकर आपल्या हातात, मधल्या पट्ट्यात दबा धरून. क्वार्टरबॅकला जागा रिकामी वाटते, तो फेकतो, आपण झेपावतो. इंटरसेप्शन. फंबलसाठी चेंडू ओढायचा तो सोबत्याने धावणाऱ्याला धरल्यावर. एकटे असाल तर आधी नीट टॅकल.

म्हणजे अँबुशच की! इशाऱ्याआधी गोळी नाही, हे जवानांना मीच वर्षानुवर्षं शिकवलंय. घरी फोन केला की मात्र पहिला प्रश्न मार्कांचा. त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच माझा ब्लिट्झ.

त्या रात्री तिसऱ्या क्वार्टरमध्ये मला पहिलं इंटरसेप्शन मिळालं. चौथ्यात तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "बाबा, मला एनडीएला नाही जायचं."

उत्तर जिभेवर तयार होतं. मी जागचा हललो नाही.

"बरं. पुढे सांग."