हसे आणि हसू

कृष्णा-वारणेच्या खोऱ्याने मराठी माणसाला हसविणारे पुष्कळ कलावंत दिले. त्यांतील बहुतेक गावकुसाबाहेरचे होते, ह्या वस्तुस्थितीची दखल आपल्या विनोदमीमांसेने फारशी घेतलेली नाही. कोल्हटकर, गडकरी, अत्रे ह्या क्रमाने विनोदाचा इतिहास सांगावयाचा आणि सोंगाड्याला ‘लोककला’ नावाच्या वेगळ्या प्रकरणात बसवावयाचे, ही आपली रीत. अण्णा भाऊ साठे ह्यांचेही तेच झाले. शाहीर म्हणून आणि ‘फकिरा’चे (१९५९) कादंबरीकार म्हणून त्यांचा गौरव झाला, वगकार अण्णा भाऊंचा विनोद मात्र अभ्यासाचा विषय क्वचितच झाला.

अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली वाटेगावचा, मांग जातीतला. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शाळा जेमतेम पाहिलेल्या ह्या मुलाने गण, गवळण, बतावणी, वग ही बांधणी तमाशाच्या फडातच आत्मसात केली. ह्या बांधणीत सोंगाड्याला मोठी मुभा असे. राजाची, पाटलाची, सावकाराची टर तो बिनदिक्कत उडवी. पण ती मुभा बोर्डापुरती. फड उठला की तो पुन्हा वेशीबाहेर. शिवाय इतरांची टर उडविण्याआधी त्याला बहुधा स्वतःचे हसे करून घ्यावे लागे. त्या मुभेची ती किंमतच होती.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णा भाऊंनी गणातील गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गवळण वगळली. विनोद मात्र ठेवला, आणि त्याचा रोख बदलला. ‘देशभक्त घोटाळे’ हे एकच शीर्षक पाहावे. एक पदवी, एक आडनाव वाटावे असा शब्द. दोन्ही शेजारी ठेवताच पदवीचा मुलामा उडतो. येथे हसणाऱ्याला स्वतःचे हसे करून घ्यावे लागत नाही.

ह्याच संदर्भात अमेरिकेतील कृष्णवर्णीय विनोदकार डिक ग्रेगरी आठवतो. १९६१ साली, म्हणजे अण्णा भाऊ रशियाला गेले त्याच वर्षी, शिकागोच्या एका क्लबात दक्षिणेकडील गोऱ्या व्यापाऱ्यांसमोर तो एकटा उभा राहिला आणि वर्णद्वेषावरच बोलून त्यांना हसविले. साम्य उघड आहे. फरक अधिक बोलका आहे. ग्रेगरीचे लक्ष्य समोरच्या खुर्चीत बसलेले होते. अण्णा भाऊंचा शेटजी कामगार मैदानातील प्रेक्षकांत नसे. गैरहजर शेटजीवर हसणे तुलनेने सोपे, आणि वगांत काही ठिकाणी ते फार स्वस्तात पदरी पडते, हे मान्य करावयास हवे.

परंतु तो प्रेक्षक एकसंध होता काय? गिरण्यांतील विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. तोंडाने धागा ओढावा लागतो, तो बाटेल, हे कारण. शेटजीवर एकत्र हसणाऱ्यांत खाते राखणारेही होते आणि खात्याबाहेर ठेवलेलेही. त्यांना हसविणारा मात्र मांग. वर्गाच्या विनोदाने जात क्षणभर झाकली. ती पुसली नाही. प्रचारनाट्य म्हणून हे वग बाजूला सारणाऱ्या समीक्षेला हा ताण दिसलाच नाही.

सांगलीजवळच्या कवलापूरच्या लहू व अंकुश खाडे ह्या जुळ्या भावांचा मार्ग निराळा. ‘जहरी प्याला’ ह्या वगात ते दोन हवालदार झाले आणि त्या भूमिकांचीच नावे, काळू-बाळू, त्यांना जन्मभर चिकटली. येथे कलापथक नाही, पक्ष नाही. जत्रेतला तंबू आहे. हवालदार दिसताच ज्यांची पाचावर धारण बसे, त्यांच्यासमोर ते खाकी अंगावर चढवून सारखेच दिसत, सारखेच गोंधळत. त्या गणवेशाला दुसऱ्या दिवशी गाव घाबरतच असे. पण रात्री तो कसा दिसला होता, हेही गावाच्या लक्षात असे.