टाच दुखते, एवढंच

ल्युपसची रुग्ण सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात येवो की मुंबईच्या एखाद्या बड्या इस्पितळात, डॉक्टर आधी तिची मूत्रपिंडं बघणार. ते बरोबरच आहे. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहातल्या साधारण नऊ रुग्ण बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. लघवीतली प्रथिनं, रक्तदाब, प्लेटलेट्स यांच्या गर्दीत 'टाच दुखते' ही तक्रार कुठल्याही ओपीडीत मागे पडू शकते.

ती मागे पडू नये.

पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा शरीरातली सर्वांत जाड. तरीही टाचेच्या वर 2 ते 6 सेंटिमीटरच्या टापूत तिला रक्त जेमतेमच मिळतं. ल्युपसमध्ये कंडरा तुटते ती बहुधा इथे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली. त्याला मोठा मार लागावा लागत नाही. पायरी चढताना, उकिडवं बसून उठतानाही ती तुटते. मागून कुणी लाथ घातली असं वाटून रुग्ण वळून बघते, तर मागे कुणीच नसतं.

1948 साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. त्याच वर्षी, त्याच संस्थेत, हारग्रेव्हज यांनी ल्युपसची ओळख पटवणारी पेशी नोंदवली. कॉर्टिसोनसारख्या स्टिरॉइड औषधांनी ल्युपसच्या कित्येक रुग्णांना आयुष्य दिलं. पण वर्षानुवर्षं घेतलेलं स्टिरॉइड कंडरेतल्या पेशींची कोलॅजन बनवण्याची ताकद कमी करतं, आणि आजाराची जुनी सूज आधीच तिथे घर करून असते. म्हणून हा घाव बहुतेकदा दीर्घकाळ तगलेल्यांच्या वाट्याला येतो. 2023च्या युरोपीय शिफारशींत रोजचा डोस 5 मिलिग्रॅमपर्यंत उतरवण्यावर भर आहे, तो स्टिरॉइडच्या अशा दुष्परिणामांमुळेच. मात्र गोळी मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं.

आणखी एक धोका साध्या चिठ्ठीतून येतो. लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन कंडरेला इजा करू शकतं. स्टिरॉइड चालू असेल तर जास्तच. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008मध्ये यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तेव्हा 'मला स्टिरॉइड चालू आहे' हे रुग्णानं गावच्या डॉक्टरलाही सांगायला हवं.

टाचेची तुटलेली कंडरा ओळखायला यंत्र लागत नाही. रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबायची. पाऊल हललं नाही, तर शंका पक्की धरायची. मुरगळ समजून मलमपट्टीवर महिने गेले, तर टोकं आक्रसतात आणि नुसती शिवण पुरत नाही, दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते.